तासाला दहा मिली

"कुठली गं तू? आडनाव काय?"

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी बेडवरच्या काकांच्या लघवीची पिशवी मापात रिकामी करत होते. आडनाव सांगितलं. गाव सांगितलं. आई नगरपालिकेच्या दवाखान्यात झाडते, तेही सांगितलं.

डॉक्टर हसले. "अच्छा. मग हे काम अंगवळणीच असेल."

बाजूच्या गोऱ्या डॉक्टरला मराठी कळत नव्हतं. सर हसले म्हणून तोही हसला.

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका हॉस्पिटलचा हृदयरोग वॉर्ड. रविवार, सकाळचे अकरा. कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. इथे एमएस्सी करत होते आणि शनिवार-रविवार वॉर्डात मदतनीस. डॉक्टर पुण्याचे. मराठी माणूस भेटला म्हणून मला आधी आनंद झाला होता. हे लिहितानाही लाज वाटते.

काका म्हणजे बेलग्रेव्ह रोडवरचे म्हातारे गुजराती शिंपी. शुक्रवारी हार्ट अटॅक आलेला. हृदय फार कमी जोराने चालत होतं. सिस्टरने मला समजावलं होतं, हृदय दमलं की किडनीला रक्त पुरत नाही. लघवी आटते, अंगात पाणी साठतं, आणि त्या पाण्याचं ओझं पुन्हा हृदयावरच येतं. म्हणून दर तासाला मोजायचं.

नऊला चाळीस मिली. दहाला बावीस. अकराला दहा.

"सर, लघवी कमी होतेय. काकांना धापही लागतेय."

"तू मोज. अर्थ आम्ही लावू. की इथेही कोटा हवाय तुला?"

मी "हो सर" म्हणाले.

सिस्टरला सांगितलं. ती दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेली. "डॉक्टरांनी पाहिलंय ना?" एवढंच म्हणाली.

तिथे नियम होता. पेशंट खालावतोय आणि कुणी ऐकत नाही असं वाटलं, तर कुणीही तातडीच्या टीमला फोन करावा. सफाईवालीनेसुद्धा. मी केला नाही. साहेबाला डावलायचं नसतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आईच्या वाकलेल्या पाठीतून ते माझ्यात आलं होतं.

काकांनी माझं मनगट धरलं. "बेटी, डॉक्टर क्या बोला?"

"सब ठीक है, काका."

बाराला पाच. एकला काहीच नाही. दोनला सगळे धावत आले. चारला काका गेले, पडदा ओढला.

मग डॉक्टरांनी मला चादरींच्या खोलीत बोलावलं. आवाज एकदम मऊ.

"हे बघ, चार्टचं नवीन पान लिही. बारापर्यंत तीस-पस्तीस दाखव. परदेशात आपल्या माणसांनी एकमेकांना सांभाळायचं असतं."

आपली माणसं. पाच तासांत मी आपली झाले होते.

"अकराला दहाच होते. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"स्टुडंट व्हिसा ना तुझा?"

"हो. आणि आकडा दहा होता."

या वेळी 'सर' म्हटलं नाही. पान बदललं नाही.

हॉस्पिटलकडे लेखी निवेदन दिलं. पोच आली. पुढे काही नाही. त्या आठवड्यापासून मला वॉर्डातून बोलावणं बंद झालं. डॉक्टर अजून तिथेच आहेत. त्यांचं काही होईल असं मला वाटत नाही.

निवेदनात मी माझी चूक लिहिली नव्हती. इथे लिहिली आहे. काकांची मुलगी आता त्यांचं दुकान चालवते. उद्या मी तिच्याकडे जाणार आहे. डॉक्टर काय म्हणाले ते सांगणार आणि मी काय केलं नाही तेही. ती कदाचित हाकलून देईल. देऊ दे. सांगून झाल्याशिवाय मी हलणार नाही.