एक शब्द, दोन वाक्यं

यांना जाऊन दोन महिने होत आले. भेटायला येतात ते बहुतेक यांचे जुने विद्यार्थी, तेही आता पिकल्या केसांचे. बसतात, चहा घेतात आणि म्हणतात, "सरांचं इंग्रजी म्हणजे..." पुढचं वाक्य पुरं करत नाहीत. मी मान हलवते. त्यांच्यातल्या कुणालाच आमच्या जुन्नरच्या वर्षाची गोष्ट ठाऊक नाही. हे स्वतः ती कधी सांगत नसत, आणि यांनी न सांगितलेली गोष्ट मी कशी सांगणार? आता लिहिते आहे, रोज थोडी थोडी.

पन्नासनंतरची वर्षं होती. आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका शाळेत हे स्कूल बोर्डाचे मास्तर होते. भात आणि नाचणी पिकवणारं गाव, चौथीपर्यंतची शाळा. त्या साली जुन्नरच्या एका हायस्कुलाला आठवीसाठी इंग्रजी शिकवणारा माणूस मिळेना, म्हणून यांना एका वर्षासाठी बोलावून घेतलं. अट साधी होती. वर्षअखेरीच्या तपासणीत पाठ पसंत पडला तर कायम, नाही तर परत डोंगरात.

त्या अटीत माझंही अडकलं होतं. मी सातवी पास होऊन या घरात आले होते. पुढे शिकायचं आहे, असं मी यांना एकदाच, तेही भाकरी वाढताना, बोलले होते. त्यावर यांनी दुसरी भाकरी मागितली होती. जुन्नरला बिऱ्हाड केलं आणि जूनमध्ये एके दिवशी हे म्हणाले, "उद्या अकराला शाळेत यायचं. आठवीत नाव घातलंय." एकोणीस वर्षांची, नऊवारी नेसलेली, गळ्यात मंगळसूत्र असलेली मी चौदा वर्षांच्या मुलांमागे शेवटच्या बाकावर बसू लागले. हे परत डोंगरात गेले तर माझी शाळा तिथेच संपणार होती. चौथीच्या शाळेत मी काय शिकणार होते?

पहिला महिना मुलांनी मला सोडलं नाही. कागद करणाऱ्या घरातला एक मुलगा पुढच्या बाकावर बसायचा. त्याचे हात लगद्याने कायम पांढुरके असत आणि तोंड कायम सुरू असे. एकदा मधल्या सुट्टीत तो वळून म्हणाला, "बाई, सर घरीपण तुमाला स्टँड अप, सिट डाऊन करत्यात का वो?"

"नाही रे," मी म्हटलं. "घरी मी त्यांना करायला लावते."

मुलं हसली. त्या दिवसापासून मी त्यांच्यातली झाले.

यांच्यात आणि माझ्यात मात्र एक करार होता. वर्गात यांनी मला कधी प्रश्न विचारायचा नाही आणि मी कधी हात वर करायचा नाही. चार माणसांत नवऱ्याशी समोरासमोर बोलायची तेव्हा रीत नव्हती. इथे तर चाळीस मुलं. मला यांनी "तू" म्हणायचं की "तुम्ही", हाही प्रश्नच होता. म्हणून मी नुसती ऐकायची, लिहायची आणि घरी गेल्यावर चुलीपुढे बसून उत्तरं द्यायची.

यांचं इंग्रजी फार नव्हतं, हे मी आज सांगायला हरकत नाही. पण शिकवायची यांची एक पद्धत होती आणि ती यांची स्वतःची होती. एक साधा शब्द घ्यायचा. तो आधी नाम म्हणून वापरायचा, मग क्रियापद म्हणून. दोन वाक्यं. आणि वाक्य पुस्तकातलं चालायचं नाही, आपल्या घरचं हवं. "तुझ्या घरात जे घडतं ते सांग," हे म्हणायचे. मुलं मग बैल, भाऊ, आजीचा दमा, सगळं इंग्रजीत ओढून आणायची.

तपासणीसाठी यांनी 'वॉटर' हा शब्द निवडला. टेबलावर तांब्या आणि कुंडीतली तुळस. धिस इज वॉटर. आय वॉटर द प्लांट. आठ दिवस रोज हा पाठ झाला आणि रोज कुणीतरी तुळशीला पाणी घातलं. शेवटी ती बिचारी मुळाशी कुजली आणि मी घरची दुसरी कुंडी नेऊन दिली.

पाठ बसला, तरी यांचा धीर होत नव्हता. तपासायला येणाऱ्या साहेबांनी दुसराच शब्द विचारला तर? निम्म्या मुलांना तो येणार नाही. मग यांनी एक युक्ती केली. तशा युक्त्या त्या वेळी बरेच मास्तर करत. मुलांना सांगितलं, साहेबांसमोर सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. वर्ग हुशार दिसेल आणि हे उजव्या हातांनाच विचारतील.

घरी आल्यावर मी म्हटलं, "हे खोटं नाही का?"

"वर्ग भरलेला दिसावा, एवढंच," हे म्हणाले. मग ताटाकडे बघत म्हणाले, "तू मात्र हात खालीच ठेव. आपलं ठरलंय तसं."

तपासणीच्या दिवशी साहेब नारायणगावकडून मोटारीने आले. कोट, काळी टोपी, कोरडा चेहरा. बोलायचे हळू, पण शब्द नीट ऐकू यावा असं. त्यांच्यासाठी खुर्ची मागे मांडली होती, माझ्या बाकाला लागून. बसल्या बसल्या त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. भरभर लिहिलेलं इंग्रजी. मला एक अक्षर लागलं नाही.

पाठ सुरू झाला. तांब्या उचलताना यांच्याकडून पाणी टेबलावर सांडलं. मुलं मात्र धडाधड बोलली. वॉटर नाम झाला, वॉटर क्रियापद झाला. खिडकीबाहेर शिवनेरीवर ऊन तापलं होतं आणि आत कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "पाणी पुष्कळ झालं. दुसरा शब्द घेऊ. वर्क. दोन वाक्यं."

सगळे हात वर गेले. मागून मला स्पष्ट दिसलं, निम्म्याहून जास्त डावे होते. यांनीही ते पाहिलं. हे एका उजव्या हाताकडे बोट करणार, तोच साहेब माझ्याकडे वळले.

"एवढ्या वर्गात एकच हात खाली. या बाईंचा का?"

"त्या लाजतात, साहेब," हे म्हणाले.

"शाळेत येतात म्हणजे बोलायला हवं. उभ्या राहा."

मी उभी राहिले. मला येत होतं. चाळीस मुलांपेक्षा मला जास्त येत होतं, आणि हे यांनाही माहीत होतं. हे फळ्याजवळ खडू धरून उभे होते आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच वर्गात माझ्याकडे सरळ बघत होते.

"माय वर्क इज ॲट होम," मी म्हटलं.

"हं. पुढे."

दुसरं वाक्य मनात तयार होतं. आय वर्क इन माय हजबंड्स हाऊस. पण हजबंड हा शब्द यांच्याकडे बघत, सगळ्यांसमोर, मोठ्याने म्हणायचा होता. मराठीत जे मी कधी उच्चारलं नव्हतं ते इंग्रजीतही जिभेवर येईना. वर्ग थांबला होता. साहेबांचं पेन थांबलं होतं. मी म्हटलं, "आय वर्क इन सर्स हाऊस."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कुणाच्या घरी?"

"सरांच्या."

"कामाला आहात?"

मी फळ्याकडे बघितलं. साहेब यांच्याकडे वळले. "मास्तर, घरी कामाला ठेवलेली बाई वर्गात बसवून पट भरता?"

यांचं तोंड उघडायच्या आत तो कागदवाल्यांचा मुलगा उठला. "साहेब, कामाला न्हाईत त्या! सरांच्या मंडळी हायेत!"

वर्ग फुटला. हसू आवरेना कुणाला. इतका वेळ श्वास धरून बसलेली मुलं, ती तरी काय करणार? साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांना वाटलं, आपली थट्टा चालली आहे. त्यांनी त्या मुलाकडे बोट केलं.

"तू. तुझा हात वर होता ना? सांग. वर्क."

"नाय येत, साहेब."

"मग हात का वर केला?"

तो यांच्याकडे बघू लागला. साहेबांनी दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. मग म्हणाले, "सगळ्यांनी पुन्हा हात वर करा. मघाशी जो केला होता तोच."

मुलं बिचारी खरी होती. त्यांनी तोच केला. साहेब उभे राहून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ते हात बघत गेले.

"हे काय आहे?"

"मी ठरवून दिलं होतं, साहेब," हे म्हणाले. "मुलांचा दोष नाही."

"आणि या बाईंचा?"

"त्यांनी दोन्ही वाक्यं बरोबर सांगितली."

साहेबांनी वही मिटली. "ते मी ऐकलं," एवढंच म्हणून ते बाहेर गेले. मी अजून उभीच होते. बस म्हणायला कुणाला सुचलं नाही.

त्या संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि हे उंबऱ्यावर बसले होते. मी म्हटलं, "हजबंड म्हणायला हवं होतं मी."

"अहो सोडून तू मला कधी काही म्हटलंयस का?" हे म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तीन आठवडे आम्ही कागदाची वाट पाहिली. टपालवाला दिसला की मी दारातून आत जायची. कागद शाळेत आला आणि हेडमास्तरांनी यांना बोलावून वाचून दाखवला. शिक्षक कष्टाळू आहे, पण वर्ग पढवलेला आढळला. कायम करू नये. जूनपासून हे पुन्हा डोंगरातल्या शाळेवर.

मी ट्रंक काढून भांडी पुसायला घेतली. हे म्हणाले, "तुझी भांडी वेगळी ठेव. तू नववीत बसणार आहेस."

"मी नाही बसणार."

"हेडमास्तरांशी बोललोय. शाळेमागच्या विधवा बाई खोली द्यायला तयार आहेत."

"तुमची नोकरी मी घालवली, आणि आता मी इथे पुस्तकं घेऊन बसू? तुम्ही तिकडे हाताने करून खाणार?"

"नोकरी माझ्या लबाडीने गेली. तुझ्या वाक्याने नाही."

"त्या वाक्यावरूनच सुरू झालं सगळं."

यांनी माझ्या हातातलं पातेलं घेऊन बाजूला ठेवलं. मी खरं बोलले होते आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं. मग म्हणाले, "मग निदान ते वाक्य तरी फुकट जाऊ देऊ नकोस."

"मला शिकवणार कोण?"

"येईल कुणीतरी. माझ्यापेक्षा बरं येत असेल त्याला."

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी हे सकाळच्या घोडेगावच्या गाडीने गेले. वळकटी, एक पातेलं, रॉकेलचा स्टोव्ह. मी स्टँडवर पोचवायला गेले. गाडी हलल्यावर खिडकीतून म्हणाले, "भात मला येतो गं."

मॅट्रिक होईपर्यंत तीन वर्षं मी जुन्नरला राहिले. एका शनिवाराआड हे यायचे, कधी गाडीने, कधी निम्मी वाट पायी. पुढे यांनी परीक्षा दिल्या, दुसऱ्या गावी इंग्रजीचे शिक्षक झाले, नाव झालं. लोक म्हणतात तेव्हा मी मान हलवते, कारण ते खरंच आहे. पण ती तीन वर्षं यांनी एकट्याने डोंगरात काढली, आणि मी 'सर' म्हटलं नसतं तर साहेब त्या हातांपर्यंत पोचले असते का, हे मला आजही ठरवता येत नाही. यांना पुन्हा विचारायचं राहून गेलं.

नववीचा पहिला दिवस आठवतो. नवे मास्तर तरुण होते, पुण्याचे. मी तीच मागची जागा धरली. हजेरी घेताना ते प्रत्येकाचं पूर्ण नाव सावकाश वाचत होते. माझ्या नावाशी आले. माझं नाव, मग यांचं, मग आडनाव. यांचं नाव त्या खोलीत एका परक्या आवाजात मोठ्याने उच्चारलं गेलं. पुढच्या बाकावरचा तो मुलगा वळला, पण या वेळी काही बोलला नाही. मास्तरांनी मान वर करून पुन्हा तेच नाव घेतलं.

"प्रेझेंट, सर," मी म्हटलं. त्यांनी खूण केली आणि ते पुढच्या नावाकडे वळले.