पुढच्या शॉकअपचं तेल

तिसगावच्या रस्त्याला एका बाजूला अंगद भिंगारदिवेचं गॅरेज आहे आणि बरोबर समोर नूरमहंमदचं गाद्यांचं दुकान. नूरमहंमदच्या पिंजायच्या मशीनमधून सुटलेला कापसाचा भुगा वाऱ्यावर रस्ता ओलांडतो आणि अंगदच्या तेलकट पान्यांवर येऊन बसतो. अंगद तो फडक्याने पुसतो, पुन्हा कामाला लागतो. नऊ वर्षं कापूस येत राहिला. नूरमहंमद मात्र एकदाही आला नाही.

एके काळी दोघं एका ताटात जेवलेली माणसं. नूरमहंमद गाद्या भरायचा कापूस मोटारसायकलवर लादून नगरहून आणायचा. अंगद तेव्हा केडगावला गोरक्षनाथ मिस्त्रीकडे कामाला होता. गाडी नाचते, पुढून दणके बसतात, असं नूरमहंमद म्हणाला, तेव्हा आमच्या मिस्त्रीकडे आण, असं अंगदनेच सांगितलं. आणि तिथून दुरुस्त होऊन निघालेल्या त्याच गाडीवरून, कापसासकट, नूरमहंमद करंजीच्या घाटात पडला. वळणावर त्याने ब्रेक दाबला, पुढचा शॉकअप बुडापर्यंत बसला आणि गाडी त्याला घेऊन आडवी झाली. उजवा पाय गुडघ्यात कायमचा वाकडा राहिला.

शॉकअपमध्ये दणका झेलणाऱ्या जाड तेलाऐवजी पातळ तेल पडलं होतं. हे कुणालाही कळलं असतं. कुणी टाकलं, एवढाच प्रश्न होता, आणि गोरक्षनाथने त्याचं उत्तर चार गिऱ्हाइकांसमोर दिलं. म्हणाला, अंगद्याने माझ्या परस्पर भरलं. त्याच दिवशी त्याने अंगदला काढून टाकलं. अंगद दवाखान्यात गेला, तर नूरमहंमदने भिंतीकडे तोंड फिरवलं. अंगदने तिसगावात स्वतःचं गॅरेज टाकलं. गावात कुणी भांडलं नाही. फक्त त्याच्याकडे गाड्या आल्या नाहीत. ज्याने जिवलगाचा पाय मोडला त्याच्याकडे कोण गाडी सोडणार? वर्षानुवर्षं पंक्चर काढत, हवा भरत अंगदने दुकान उभं ठेवलं, आणि हळूहळू लांबच्या गावची, त्याला न ओळखणारी गिऱ्हाइकं जोडली.

त्याच्या मनात एकच गोष्ट मुरत होती. गोरक्षनाथने याच रस्त्यावर, नूरमहंमदसमोर, आपल्या तोंडाने सांगायचं की तेल मी टाकलं. बाकी त्याला काही नको होतं.

थंडीतल्या एका बाजाराच्या दिवशी, दुकानं मांडली जात असताना, एक म्हातारा बुलेट ढकलत गॅरेजसमोर आला. पाथर्डीकडून येताना शॉकअपचं सील फुटलं होतं. तेल गळून पुढच्या चाकावर आलं होतं, ब्रेक धरत नव्हता. घाट ओलांडून केडगाव गाठायचं होतं आणि हे पहिलंच गॅरेज लागलं होतं. म्हाताऱ्याने मान वर केली आणि त्याचा चेहरा उतरला.

"अंगद्या, तू व्हय," तो म्हणाला.

"मीच हाय, मिस्त्री. बसा."

अंगदने त्याला बाकावर बसवलं, चहा सांगितला. त्याने पुढचं चाक काढलं, शॉकअपच्या दोन्ही नळ्या उतरवल्या, उरलेलं काळं तेल घमेल्यात सोडलं, नळ्या रॉकेलने धुतल्या, नवी सीलं ठोकून बसवली. हात काम करत होते आणि मन घाटात फिरत होतं. पातळ तेल भरलं की झालं. वळणावर हा माणूसही तसाच जाईल. फळीवर दोन्ही डबे जवळजवळ होते, पाच नंबरचं पातळ आणि या गाडीला लागणारं दहा नंबरचं जाड. हात लांब केला की पुरे.

पण म्हातारा पडला की लोक काय म्हणणार? बघा, अंगदचा हातच तसला. नऊ वर्षांपूर्वीचं खोटं त्या दिवशी खरं होऊन बसेल. सूड घ्यायचा तर असा घ्यायला हवा होता की पडलेला माणूस पुन्हा उठून दुसऱ्याकडे बोट दाखवू शकणार नाही.

गोरक्षनाथची एक सवय अंगदला पाठ होती. हा माणूस डब्यावरचा नंबर कधी वाचायचा नाही. अंगठा आणि बोट यांच्यात तेलाचा थेंब चोळायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, हे जाड, हे पातळ. केडगावात त्याच्या या बोटांचं मोठं नाव होतं. पण तेल गारठलं की पातळसुद्धा जाड लागतं, हे त्या बोटांना कधी समजलं नव्हतं.

म्हाताऱ्याची पाठ असताना अंगदने स्टीलचे दोन पेले घेतले. एकात पाचचं तेल ओतलं आणि पेला पंक्चर बघायच्या टाकीतल्या बर्फासारख्या पाण्यात काठापर्यंत बुडवून ठेवला. दुसऱ्यात दहाचं ओतलं आणि चहावाल्याच्या शेगडीजवळ ठेवलं. तेवढं करून तो रस्ता ओलांडून गेला. नूरमहंमद मशीनवर वाकला होता, दाढीत कापूस अडकला होता. त्याने वर पाहिलं नाही.

"नूरभाई, तुमचा पाय ज्यानं मोडला त्यो आलाय," अंगद म्हणाला. "खरं काय ते त्याच्याच तोंडून ऐका."

मशीन थांबलं. नूरमहंमद काठी घेऊन लंगडत आला. मागोमाग भाजीवाल्या लंकाबाई आल्या, आणखी दोन-चार जण थबकले. बाजारात माणसं जमायला निमित्त लागत नाही.

अंगदने पेले पुसले आणि गोरक्षनाथपुढे धरले. अगदी नरमाईने म्हणाला, "मिस्त्री, तुमची गाडी हाय. तेल तुमीच निवडा. तुमच्या बोटांपुढं आमी काय."

इतकी माणसं बघून म्हातारा जरा फुलला. त्याने पहिल्या पेल्यात बोट बुडवलं, चोळलं, डोळे मिटले. मग दुसऱ्यात. दुसरं पुसून टाकत म्हणाला, "ह्ये पान्यावानी हाय. पह्यलं भर. घाटाला ह्येच लागतं."

"नक्की?"

"मला शिकवतो काय रे?"

अंगदने फळीवरचे डबे आणून त्याच्यासमोर ठेवले. पहिला पेला पाचच्या डब्याजवळ, दुसरा दहाच्या डब्याजवळ, असे सावलीत ठेवले आणि तो थांबला. गार तेलाचा गारठा गेला, गरम ते निवलं. मग अंगदने एक तार घेऊन आळीपाळीने दोन्हींत बुडवून उचलली. म्हाताऱ्याने निवडलेलं तेल तारेवरून घाईने पळालं. नाकारलेलं सावकाश उतरलं.

"नूरभाईच्या गाडीत तेल भरलं त्या सकाळीबी ते असंच गारठलेलं हुतं, मिस्त्री. डबा रातभर अंगनात हुता. सांगा आता नूरभाईला, कुनी भरलं."

गोरक्षनाथ आपल्या बोटांकडे बघत राहिला. लंकाबाई म्हणाल्या, "बोला की वो मिस्त्री, का तोंडातबी तेल गारठलं?" कुणीतरी हसलं. म्हाताऱ्याचे कान लाल झाले.

"मी भरलं," तो म्हणाला. "गॅरेजचं नाव जाईल म्हनून ह्याच्यावर ढकललं. ह्यो सांगत हुता मला, मिस्त्री ह्यो पाचचा डबा हाय म्हनून. मी ऐकलं न्हाई."

अंगदच्या छातीत नऊ वर्षं आवळलेला नट सैल झाला. म्हाताऱ्याची मान खाली गेली होती आणि ती खाली गेलेली बघणं किती गोड होतं. त्याने ठरवून टाकलं की आज याला संध्याकाळपर्यंत बाकावर बसवायचं. अख्खा बाजार इथून जाईल, जो तो विचारेल आणि यानं प्रत्येकाला सांगावं.

मग त्याने नूरमहंमदकडे पाहिलं. नूरमहंमद गोरक्षनाथकडे बघतच नव्हता.

"म्हंजी तुला ठावं हुतं," तो अंगदला म्हणाला.

"व्हय. म्हनून तर सांगितलं ह्यांला."

"ह्यांला सांगितलंस. मला का न्हाई?" त्याचा आवाज चढलाही नाही. "मी तिथंच भाईर उभा हुतो, अंगद. झाकनं तूच आवळलीस. गाडी तूच माझ्या हातात दिलीस. कापूस बांधायला हातबी लावलास."

अंगदला सांगायचं होतं की मिस्त्रीपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती, की पोटाचा प्रश्न होता, की इतकं होईल असं वाटलं नव्हतं. तेवढ्यात नूरमहंमद वळला आणि काठी टेकत समोर गेला. थोड्या वेळाने मशीन सुरू झालं.

बाजार भरत गेला. जो येई तो बाकावरच्या म्हाताऱ्याला विचारी, आणि एकदा तोंड उघडलेला गोरक्षनाथ आता सगळं सांगत होता, स्वतःचं पाप आणि अंगदने वेळेवर दिलेला इशारा, दोन्ही. ऐकून झालं की माणसं मान वळवून अंगदकडे बघत. भरलं मिस्त्रीनं, पण ह्याला माहीत हुतं म्हने.

अंगदने दहा नंबरचा डबा उघडला. दोन्ही नळ्यांत मापाने सारखं तेल ओतलं, झाकणं आवळली, चाक चढवलं, ब्रेकची पट्टी घासून पुसली. संध्याकाळपर्यंत लांबवायचं काम तो मान वर न करता घाईने उरकत होता. म्हातारा आणखी कुणाला सांगायच्या आत त्याला या रस्त्यावरून घालवायचं होतं.