एका सेटचा गुलाल

टेनिस बघताना तोंड बंद ठेवायचं असतं, हा नियम ज्या कुणी काढला त्याची लेक कधी खेळली नसणार. मी शाळेत शिकवते. दिवसभर बोलणं हाच माझा धंदा आणि राग तर कायम नाकाच्या शेंड्यावर. अशा बाईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, समोर लेक सोप्पा बॉल नेटमध्ये घालतेय आणि हिनं मात्र हूं की चूं करायचं नाही! लेक तिसरीत असल्यापासून मी ही शिक्षा भोगतेय.

गेल्या हिवाळ्यात ती शिक्षा कळसाला पोचली. आमच्या सोलापुरात बायकांची एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार होती. लांबलांबच्या देशांतून खेळाडू येणार होत्या. काही तर आधीच येऊन पोचल्या होत्या. रिक्षावाले त्यांच्याशी दखनी हिंदीत भरभरून गप्पा मारायचे आणि त्या बिचाऱ्या नुसत्या हसायच्या. अशा स्पर्धेत उतरायला रँकिंग लागतं. आमच्या लेकीचं रँकिंग शोधायचं तर विहीर खणत जावं तसं खाली खाली जावं लागलं असतं. पण आयोजकांच्या हातात सोलापूरच्या एका मुलीसाठी एक वाइल्डकार्ड होतं, म्हणजे रँकिंग न बघता मुख्य स्पर्धेत थेट प्रवेश. उगाच वशिल्याची ओरड नको म्हणून त्यांनी गावातल्या चार मुलींचे सामने लावले. जी शेवटी उरेल, तिला कार्ड.

लेक बारावीत. पुढच्या वर्षी कुठल्या गावाला कॉलेज, रॅकेट सोबत जाईल की माळ्यावर पडेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की आपल्या गावात, त्या खऱ्या स्पर्धेत एकदा तरी उतरायचं. पहिला सामना ती जिंकली. आता एकच उरला होता, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी खरी स्पर्धा सुरू.

हे मी गावाकडं, वैरागला सासऱ्यांना फोनवर सांगितलं आणि तिथंच माशी शिंकली. आम्ही सगळे त्यांना आबाच म्हणतो. जन्म शेतीत गेला, पण तरुणपणी जत्रांमधनं कुस्त्या मारलेला माणूस. अजूनही कुठं आखाडा भरला की पहिल्या रांगेत मांडी घालून हजर.

"वायलकाड म्हंजी काय गं, सूनबाई?"

"आबा, जत्रेच्या मैदानात बाहेरचे मोठे मोठे पैलवान येतात, पण गावच्या पोरासाठी एक जोड राखून ठेवतात की नाही? तसं."

"आसं व्हय! मग सोपं हाय की. आन् त्यासाठी आधी गावच्याच पोरीला हारवायचं?"

"हो. एकच मॅच. जिंकली की झालं."

"मग मी येतो," म्हणाले आणि फोन ठेवला. कधी, कशाला, कुणाबरोबर, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं आबा हजर. धुवट धोतर, नवाकोरा नेहरू शर्ट, डोक्यावर टोपी, आणि खिसे असे फुगलेले की मला वाटलं, नातीसाठी शेंगा आणल्यात. माझ्या नवऱ्यानं त्यांना स्टँडवरून कोर्टावर आणून सोडलं आणि तो पळाला. लेकीची मॅच त्याला बघवत नाही. मॅच संपेपर्यंत तो मोटारसायकलवरून मैदानाभोवती चकरा मारतो. पेट्रोल जळेना का, म्हणतो, बीपी तरी वाढत नाही.

समोरची मुलगी शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या घरातली. लहानपणापासून दोघी एकाच कोर्टावर खेळलेल्या, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लेल्या. तिची आई माझ्या शेजारच्याच खुर्चीत. आमची दोघींची मैत्री अशी, की मॅच सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचं. त्या दिवशीही तिनं थर्मासमधला चहा मला ओतून दिला, मी तिला शेंगापोळी दिली, आणि दोघींनी मनातल्या मनात एकमेकींच्या लेकी हराव्यात म्हणून देवाला साकडं घातलं. मी तर घातलं. तिनं घातलं नसेल तर ती देवमाणूसच म्हणायची.

आबांना मी बजावून ठेवलं होतं, "ओरडायचं नाही, शिट्टी नाही, मांडी थोपटायची नाही."

"मग बघायचं कशाला?" ते म्हणाले, पण गप्प बसले. खरंच गप्प बसले. लेकीनं पहिल्याच गेमला अशी सणसणीत सर्व्हिस केली की त्यांचा हात मांडीपर्यंत गेला आणि माझ्याकडे बघून परत आला.

पहिला सेट जोरदार झाला. दोघींपैकी कुणी हटेना. शेवटी एका लांबलचक रॅलीत आमच्या लेकीनं बॉल असा कोपऱ्यात काढला, की समोरची पळत गेली आणि तिचा पाय घसरला. ती चक्क पाठीवर पडली. सेट आमचा. मी सुटकेचा श्वास टाकला आणि पाण्याची बाटली उघडायला खाली वाकले.

वर बघते तर दुसऱ्या बाजूची, आबांची खुर्ची रिकामी!

आबा कोर्टाच्या दारात होते. चपला बाहेर काढल्या, वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आखाड्यात शिरावं तसे ते आत शिरले. मी "आबा! आबा!" करेपर्यंत त्यांचा हात खिशात गेला होता. शेंगा कुठल्या, गुलाल! मूठभर गुलाल लेकीच्या डोक्यावर, केसांवर, पांढऱ्या टी-शर्टवर. दुसरी मूठ आभाळात. कोर्टाची पांढरी रेघ गुलाबी झाली.

"आस्मान दावलं की गं माज्या वाघिणीनं!"

त्यांचंही काय चुकलं? कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. पाठ टेकल्यावर अजून दोन डाव बाकी असतात, असा खेळ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. टेनिसमध्ये तीनपैकी दोन सेट जिंकावे लागतात, हे सांगायचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आम्हाला ते 'रोज सूर्य उगवतो' इतकं पाठ.

बरं, एवढ्यावर थांबावं ना! पण चांगला पैलवान हरलेल्या जोडीलाही मान देतो. आबा नेटला वळसा घालून पलीकडे गेले, त्या मुलीच्या कपाळाला गुलालाचं बोट लावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नगंस, बाय. लई झुंजलीस. हारजीत चालायचीच."

ती मुलगी कपड्यांची धूळ झटकत होती. तिनं वर बघितलं. "आजोबा," ती म्हणाली, "अजून संपलं नाही ओ."

आबांचा हात तिच्या डोक्यावर तसाच राहिला.

मग काय विचारता! रेफ्री बाई धावत आल्या. टोपीखाली चेहरा लालबुंद. मॅच थांबली. झाडू आला, ओली फडकी आली. गुलाल पुसायला जावं तर तो आणखीच पसरायला लागला. परत कुणी आत आलं तर तुमच्या मुलीचा पॉइंट कापेन, असं बाईंनी मला सुनावलं आणि आबांना मैदानाबाहेर जायला सांगितलं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण मी वर्गात शंभरदा शिकवली असेल, पण ती अशी धोतर नेसून समोर उभी राहील असं वाटलं नव्हतं. मला इतका राग आला होता की मी आबांकडे बघितलंसुद्धा नाही. ते चपला हातात घेऊन निघून गेले. शेजारची बाई मात्र पदर तोंडात कोंबून हसत होती. "काय ओ ताई," ती म्हणाली, "आमची पोरगी हारायच्या आधीच समजूत काढली की तिची!"

हसा म्हटलं, हसा.

आणि हसायला तिला कारणही मिळालं. कपाळावर गुलाल घेऊन तिची लेक जी सुटली, ती थांबेचना. हरायच्या आधीच सांत्वन केलेलं कुणाला सहन होईल? प्रत्येक बॉल ती असा हाणत होती, जणू तोच येऊन म्हणाला होता, 'वाईट वाटून घेऊ नकोस.' आमची पोरगी मात्र गोठली. तिचा हा जुना रोग. टेन्शन आलं की दात आवळायचे, खांदे वर चढवायचे आणि हातातून खेळ सांडून द्यायचा. घामाबरोबर गुलाल ओघळून गळ्यापर्यंत आला होता. बघता बघता दुसरा सेट गेला. आता एकेक सेट दोघींकडे, आणि तिसऱ्यात जी जिंकेल तिला कार्ड.

मधल्या वेळात खुर्चीवर बसून लेक सारखी माझ्या बाजूला बघत होती. मला वाटलं, मी धीर द्यावा म्हणून. मी मूठ आवळून दाखवली. तिनं मान हलवली आणि आबांच्या रिकाम्या खुर्चीकडे हनुवटी उडवली. कुठंयत?

तेव्हा मला उलगडलं. गुलालाचं तिला काहीच वाटलं नव्हतं. वैरागहून तिच्यासाठी आलेला म्हातारा, त्याला सगळ्यांदेखत बाहेर काढलं होतं, ते तिला खुपत होतं.

मी उठले आणि बाहेर धावले. आबा रस्त्याच्या कडेला, कोर्टाच्या जाळीपासून लांब, लिंबाखाली उकिडवे बसले होते. डोळे लाल. "मला यष्टीत बसवून दे, सूनबाई," म्हणाले. "मी पोरीचं वाटुळं केलं."

माझा राग कुठल्या कुठं गेला. "आबा, चला. जाळीशी उभे राहा. ती तुम्हाला शोधतेय."

"न्हाय. माजं त्वांड बगितलं की ती पुन्यांदा हारंल."

"मग तोंड दाखवू नका! पाठ करून उभे राहा. पण तिला दिसाल असे उभे राहा."

त्यांनी क्षणभर विचार केला. हे त्यांना पटलं. आले, आणि जाळीबाहेर, कोर्टाकडे पाठ करून, हात मागं बांधून खांबासारखे उभे राहिले. त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं, पण गडबडीत कुणाचा तरी गुलालानं भरलेला पंजा त्यांच्या शर्टाच्या पाठीवर उठला होता. पाची बोटं. शाळेतली पोरं एकमेकांच्या पाठीवर खडूचा पंजा उठवतात, अगदी तसा.

लेक सर्व्हिसला आली. बॉल आपटला. जाळीकडे बघितलं. पाठमोरे आबा, आणि पाठीवर तो पंजा. आणि ती हसली. गालात वगैरे नाही, खळखळून. बॉल हातातून निसटून गेला. नेटपलीकडच्या मुलीनंही वळून बघितलं आणि तीही हसायला लागली. खुर्चीतल्या रेफ्री बाईंनी टोपी पुढं ओढली, पण ओठ काही त्यांच्या ताब्यात राहिले नाहीत.

लेकीचे खांदे खाली आले. मी बघितलं ना, स्वतःच्या डोळ्यांनी.

त्यानंतरचं टेनिस मला नीट सांगता येणार नाही. कारण मी निम्मा वेळ डोळे मिटून होते. पण उघडायचे तेव्हा दोघी मुली अशा खेळत असायच्या, जणू बक्षीस नाही, काही नाही, नुसतीच संध्याकाळची प्रॅक्टिस आहे. एक चांगला फटका इकडून, एक तिकडून. शेजारच्या बाईनं माझा हात कधी धरला मला कळलं नाही. ती पुटपुटत होती तेलुगूत, मी मराठीत, आणि देवाची पंचाईत. बरोबरीत चालता चालता शेवटी लेकीला मॅच पॉइंट मिळाला. समोरून आलेला बॉल नेटच्या पट्टीला लागला, वर उडाला, आणि परत त्याच बाजूला पडला.

जिंकली! माझी लेक जिंकली!

मी रडत होते आणि हसतही होते. टाळ्या वाजत होत्या. आबांची पाठ मात्र जागची हलली नाही.

लेक जाळीकडे धावली. "आबा, जिंकले मी!"

"आता आजून किती ऱ्हायलं?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"काही नाही. संपलं."

"मगाशी बी मला आसंच वाटलं व्हतं."

"आबा, खरंच संपलं हो," मीही ओरडले. छे! ते कसले ऐकतायत. सूनबाई म्हणणारच, नात म्हणणारच. घरच्यांच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

तेवढ्यात ती दुसरी मुलगी जाळीपाशी आली. डोळे पाण्यानं भरलेले, कपाळावरचा गुलाल घामानं पसरलेला. तिनं नाक पुसलं, बोटं जाळीत अडकवली आणि म्हणाली, "आता संपलं ओ, आजोबा."

आबा गर्रकन वळले. हरलेल्यानंच सांगितलं म्हटल्यावर त्यांना आणखी पुरावा नको होता. त्यांनी जाळीतून दोन बोटं घालून तिच्या बोटांवर ठेवली. मग त्यांनी रेफ्री बाईंकडे बघितलं. बाईंनी दाराकडे हात केला, "या आजोबा. आता चालतं."

पुन्हा चपला बाहेर काढल्या. पुन्हा हात जमिनीला, कपाळाला. नातीसमोर येऊन उभे राहिले आणि त्यांचा बांध फुटला. "आमच्यात जिंकल्याला खांद्यावर घेत्यात, बाय. पर मला आता उचलवत न्हाय गं तुला."

"मग मी उचलते," ती म्हणाली, आणि आम्ही हो-नाही म्हणायच्या आत तिनं आबांना कमरेला विळखा घालून उचललंही. धोतराचा सोगा सुटला, टोपी पडली, सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. आबा वरून माझ्याकडे बघून हातवारे करत होते, रडत होते आणि ओरडत होते, "आगं सूनबाई, सांग की हिला! खाली ठिव म्हणावं मला, हात दुखंल तिचा! उद्या तिला खेळायचंय!"