टॉवेलखालचा हात

सोमवारी वडगावच्या जनावरांच्या बाजारात दोन पुरुष एकमेकांचा हात धरून पाच-पाच मिनिटं उभे राहिले, तरी कुणी मान वर करून बघत नाही. सौदा चाललेला असतो. हातांवर टॉवेल टाकलेला असतो आणि त्याखाली बोटांनी भाव ठरतो. एक बोट धरलं तर एक हजार, सगळा पंजा धरला तर पाच. शेजारच्या गिऱ्हाइकाला आकडा कळू नये म्हणून ही पद्धत. मी ती सतराव्या वर्षी शिकलो, आणि ज्याने शिकवली त्याच्यासाठीच शिकलो.

आमचं घर कोल्हापुरात, दूधकट्ट्याच्या मागच्या बोळात. वडील लवकर गेले. आई दोन म्हशी पाळायची आणि संध्याकाळी कट्ट्यावर नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायची. मला बोटांचे आकडे शिकवणारा तो म्हशींच्या एका दलालाचा पुतण्या, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा. आमची भाकड म्हैस बदलून द्यायला आला, तिथून ओळख झाली. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. माझ्यासारख्या पोरासाठी आमच्या गल्लीत एकच शब्द होता, बायल्या, आणि तो माझ्या पाठीमागून रोज यायचा. याने तो वापरला नाही. तेवढ्यावर मी त्याचा झालो. आज मी एवढ्या स्वस्तात कुणाला दारात उभं करत नाही.

पहिल्या सोमवारी आकडे शिकवून झाल्यावर त्याने टॉवेलखाली माझ्या तळहातावर अंगठा दाबला. हे किती, असं मी विचारलं.

"ह्यो आकडा न्हाई," तो हळूच म्हणाला. "ह्ये तुला."

पुढचं दीड वर्ष मी त्या दाबण्यावर काढलं. दुसरीकडे कुठे त्याने मला हात लावला नाही आणि लावूही दिला नाही. मोटरसायकलवर मागे बसलो तर सांगायचा, कडी धर. पंधरा-पंधरा दिवस गायब व्हायचा. मग एक दिवस बोळाच्या तोंडाशी शिट्टी वाजायची आणि मी हातातलं पुस्तक टाकून पळायचो. वर्गातला एक मुलगा मला गणित समजावून द्यायला घरी यायचा. त्याला यायचं नाही म्हणून सांग, असं याने बजावलं, मी सांगितलं. त्या मुलाने कारणसुद्धा विचारलं नाही. पुढे पुढे दलालांच्या घोळक्यात हाही मला तो शब्द लावायला लागला. मी रागावलो की एकटं गाठून म्हणायचा, लोकांना संशय नको म्हणून म्हणतो रे. मला ते पटायचं. पटवून घ्यायचो, असं म्हटलं पाहिजे.

बारावीला मार्क बरे पडले. डिप्लोमाला प्रवेश मिळत होता, पण खाजगी कॉलेजात. आईने दुसऱ्या वेताची म्हैस विकायचं ठरवलं. ती म्हैस तिने रेडकू असल्यापासून वाढवलेली. मला म्हणाली, तुला बाजार ठावा हाय, तूच जा, तेरा हजाराच्या खाली दावं सोडू नको. मी त्याला सांगितलं. त्याने राधानगरीकडचं गिऱ्हाईक आणलं आणि त्या गिऱ्हाइकाच्या वतीने सौद्याला स्वतः उभा राहिला. मला वाटलं, तो तिकडून उभा असला तरी माझाच आहे.

त्याने टॉवेल टाकला. त्याचा आकडा नऊ. मी तेरा धरले. तो पुन्हा नऊ. मी तेरावर अडून राहिलो. मग त्याने बोटं सोडली आणि तळहातावर अंगठा दाबला. भर बाजारात, दोनशे माणसांत, आणि दाबूनच ठेवला. महिनाभर त्याने माझा हात हातात घेतला नव्हता. मी बारावर आलो. त्याने अंगठा काढला नाही. अकरावर आलो. साडेनवाला मी मान हलवली तेव्हा त्याने टॉवेल ओढला आणि मोठ्याने आकडा पुकारला. म्हैस वळून वळून माझ्याकडे बघत टेम्पोत चढली.

आईने पैसे हातात घेऊन एवढंच विचारलं, "कुणी फसवलं व्हय रं?"

"न्हाई," मी म्हणालो. "बाजार पडलाय."

कॉलेजची फी त्यात भागत नव्हती. दुसरी म्हैस विकते, असं आई म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो, भांडं फेकलं, मला शिकायचंच नाही म्हणालो. तिला ते खरं वाटलं. ती शेवटपर्यंत सगळ्यांना सांगायची, पोराला शिक्षणाची गोडी नव्हती.

पुढच्या सोमवारी मी त्याला विचारायला गेलो. भांडायला नव्हे, विचारायलाच. त्याच्या काकाने दटावलं असेल, नाइलाज झाला असेल, असं काहीतरी तो सांगेल आणि मी ते घेईन, अशी माझी तयारी होती. तो चहाच्या टपरीवर तिघा दलालांत बसला होता, माझ्याकडे पाठ करून. एकाचा हात हातात धरून तो मान एका बाजूला टाकून डोलत होता. माझी नक्कल.

"त्येचा नुस्ता हात धरायचा," तो म्हणाला. "आकडा आपसूक खाली येतोय."

तिघे हसले. मग त्यांची नजर माझ्यावर गेली, तसा तो वळला. त्याला लाज वाटली असती तर मी परत घरी गेलो असतो. पण तो बाकावर सरकून म्हणाला, "ये की लेका, च्या घे."

मी ग्लास उचलून त्याच्या तोंडावर मारला. चहा गरम होता. त्यानंतर बाजारात माझं नाव काय पडलं ते सांगत बसत नाही. त्याच बाजारात मी एका रेडकावर धंदा सुरू केला आणि दहा वर्षांत माझी दावण सगळ्यांत लांब झाली. मी सौदा तोंडानं करतो, सगळ्यांना ऐकू जाईल असा. लोकांना वाटतं, माणूस रोखठोक आहे.

तो मध्ये बरीच वर्षं दिसला नाही. काकाचा धंदा बुडाला, हा सासुरवाडीला शेती करतो, असं कानावर होतं. मग एका सोमवारी मेव्हण्याला घेऊन माझ्या दावणीसमोर आला. केस विरळ झाले होते. त्याने म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला, कास बघितली.

"काय पावणं," तो म्हणाला, "किती सांगताय हिचं?"

पावणं. वाटेवरच्या अनोळखी माणसाला म्हणतात तसं. त्याने मला ओळखलं होतं, कारण बोलताना तो म्हशीकडेच बघत होता.

मला भाव सांगायचा नव्हता. मला एकच विचारायचं होतं. शेवटचं सोड, ते धंद्याचं होतं. पण अगदी पहिल्या सोमवारी, मी काही विकायला आलो नव्हतो तेव्हा, तू अंगठा दाबलास त्यात काही खरं होतं का? हो म्हणाला असता तर ती म्हैस मी त्याला फुकट दिली असती. नाही म्हणाला असता तरीही दिली असती.

मेव्हणा शेजारी उभा होता. मी आकडा सांगितला, नेहमीसारखा मोठ्याने.

"लई हुतंय," तो म्हणाला, आणि पुढच्या दावणीकडे गेला.