चपलेची करकर

ज्या वर्षी परदेशाशी जकातमाफीचा करार झाला, त्या वर्षी मी एकाहत्तरचा होतो. माझ्या कोल्हापुरी चपलांना पहिल्यांदाच तिकडून मागणी आली.

व्यापारी म्हणाला, "तात्या, शंभर जोड हवेत, पण करकर नको. तिकडं वाजणारी चप्पल बिघडलेली समजतात. नाहीतर मागणी जाईल."

"आम्ही न वाजणारी मुकी समजतो," मी म्हणालो.

तळव्याच्या दोन कातड्यांत बावचीचं बी ठेवलं की चप्पल बोलते. बाप बोळात शिरला की आई करकर ऐकून भाकरी तव्यात टाकायची.

हातातलं बी बघत बसलो. सही झाली आणि जकात उठली, पण कानाची सवय कुठल्या सहीनं बदलायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी नमुन्याचा जोड बी घालूनच शिवला. व्यापाऱ्याला म्हटलं, "आधी त्यांना हा घालून चालू दे."