नळाला पाणी आलं आणि शॉट गेला

या किश्शांचं एक वाईट आहे. शूटिंग संपून बरीच वर्षं झाली, पण आमची मंडळी पनवेलला भेटली की प्रत्येक किस्सा थोडा वाढतो. त्यामुळे मी स्वतः किती पाहिलं आणि नुसतं ऐकलं किती, याची मला आता खात्री नाही. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, म्हणून ही शंका जरा जास्तच छळते.

समीर, माझा जुना विद्यार्थी, आमचा दिग्दर्शक. सिनेमा विनोदी. गावात सरकार नळ बसवतं, मंत्री उद्घाटन करतो, पाणी मात्र येत नाही. शूटिंगसाठी पनवेलजवळच्या नेरे गावाच्या पुढचं एक गाव निवडलं, कारण तिथे नळ खरोखरच होते आणि पाणी खरोखरच नव्हतं. मंत्र्याचं काम मला दिलं. का दिलं, ते मी अजून विचारलेलं नाही. उत्तर झेपेल असं वाटत नाही.

*

समीरने गावाला निरोप दिला, "उद्या साध्या कपड्यांत या. उपेक्षित दिसायला हवं."

सकाळी बायका आल्या त्या जरीच्या साड्या नेसून, गळाभर सोनं घालून. जमिनींना भाव आलेला, घरं दुमजली, दारात मोठाल्या गाड्या. समीरने हात जोडले. "काकू, निदान दागिने तरी काढा. सिनेमात तुम्ही गरीब आहात."

जनाबाय पुढे होती. तिच्याच बंगल्यात आमचा मुक्काम. ती म्हणाली, "आमी गरीब नाय रं बाला. आमचा नल गरीब हाय."

समीरने हा संवाद तसाच सिनेमात घेतला.

*

त्या बंगल्यात वरच्या मजल्यावर पांढराशुभ्र बाथटब होता. मी हात धुवायला गेलो, तर तो काठोकाठ भरलेला, वर प्लायवुडचं झाकण, झाकणावर तांब्या.

"आंघोळ कुठे करता मग?" मी विचारलं.

"बादलीत. ह्ये टँकरचं पियाचं पानी हाय, सर."

मी हात मागे घेतला.

आठवड्यावर तिच्या मुलीची हळद आली होती. हळदीला अख्खं गाव जेवतं, आणि टँकरवाला नक्की काही सांगत नव्हता. "मांडव हाय, डीजे हाय, मटन सांगितलंय. पाव्हन्यांना पानी कुठून पाजू?" असं ती दिसेल त्याला विचारायची. मी मंत्री, म्हणून मला जास्त.

*

माझं वाक्य होतं, "आठ दिवसांत पाणी देतो, हा माझा शब्द आहे."

माझ्या तोंडून निघायचं, "आठ दिवसांत बहुधा पाणी देता येईल, अर्थात काही गोष्टी गृहीत धरल्या तर."

पुन्हा कट, पुन्हा तेच. शेवटी जनाबायचा नवरा मागून शेजाऱ्याला म्हणाला, "ह्यो मंत्री पडंल. पन मत मी यालाच देनार."

*

उद्घाटनाचा शॉट नेमका हळदीच्या आदल्या दिवशी आला. आर्टवाल्यांनी सकाळपासूनच हमरस्त्यापासून नळापर्यंत स्वागताचे फ्लेक्स लावले होते. प्रत्येकावर 'माननीय मंत्री महोदय' आणि माझा हसरा फोटो. मान खाली घालून मी तिथपर्यंत गेलो.

फीत कापली. नळ फिरवला. नळातून नुसती हवा यायची, असं ठरलं होतं. हवा आली. मग नळ खाकरला, आणि धो धो पाणी!

"कट! कोणी सोडलं पाणी? बंद करा आधी," समीर ओरडला.

जनाबायने हंडा लावलासुद्धा. "नलाला हात लाव, मंग बघ तुजा सिनेमा कसा व्हतो."

मेकअप केलेल्या बायका पिंपं, टोप, कळशा घेऊन धावल्या. मी कात्री धरून मध्येच उभा. "सरका, मंत्रीसायेब," असं म्हणत मला कोणीतरी बाजूला केलं. संध्याकाळपर्यंत गावातलं रिकामं भांडं उरलं नाही. दुसऱ्या दिवशी हळदीला गाव पोटभर जेवलं, पाणी पिऊन उरलं.

त्यानंतर नळ परत कोरडा. रिटेक पहिल्याच दमात ओके.

पाणी आलं कसं, यावर आमच्यात अनेक मतं होती. समीरचं मत दरवर्षी बदलतं. मागे एकदा पनवेलच्या तळ्याकाठी एका निवृत्त पाणीपुरवठा इंजिनिअरची ओळख झाली. तो भाग तेव्हा त्यांच्याकडेच होता. मी भीत भीत विचारलं, "वरून फोन आला होता का?"

"फोन कसला? जाताना फ्लेक्स दिसले. मंत्री येणार आणि नळ कोरडा, मग माझी धडगत नव्हती. व्हॉल्व्ह सोडायला लावला."

"पण फ्लेक्सवर फोटो माझा होता हो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "नुकताच मंत्रिमंडळाचा विस्तार झाला होता," ते म्हणाले. "सगळ्यांचे चेहरे कुठे पाठ असतात?"