आय घोडे बघायला आली

"ही कोणती ब्रीड?"

फेटा बांधलेला एक पाहुणा माझ्या आयकडे बोट दाखवून विचारत होता. आय घोड्यांच्या टाकीवर वाकून ओंजळीनं पाणी पीत होती. बाजूची माणसं हसली. आयला शब्द कळला नाही. काहीतरी चांगलं विचारलं असं वाटून तीही हसली.

मी रिंगणात होते. हातात मारवाडी घोडीचा लगाम. सगळं दिसत होतं.

नाशिकबाहेरच्या त्या अश्वपार्कात मी तबेल्यात कामाला होते. लीद काढायची, खरारा करायचा, चारापाणी बघायचं. त्या दिवशी निरनिराळ्या जातींच्या घोड्यांचं प्रदर्शन होतं. आय पेठच्या पलीकडं डोंगरात राहते. माहेरी गेले की मी तिला घोड्यांचं सांगायचे. "एकदा बघीन गं," म्हणायची. मॅनेजरला विचारून मीच बोलावलं. ठेवणीतलं लुगडं नेसून एसटीनं आली.

मागच्या रांगेत खुर्ची रिकामी होती. तिथं बसली. मॅनेजरनं उठवलं.

"मावशी, या पाहुण्यांच्या खुर्च्या आहेत. तिकडं तबेल्यापाशी थांबा."

उन्हात उभी राहिली. तहान लागली. पाणी मागितलं. पाहुण्यांच्या टेबलावर बाटल्या रचलेल्या होत्या. मॅनेजरनं घोड्यांच्या टाकीकडं हात केला.

तेव्हा मालक माइकवर घोडीची माहिती देत होते. तिची आई कोण, आजी कोण, कुठल्या घराण्यातली. लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या आयचं नाव तिथं कुणी विचारलं नव्हतं.

मी थांबले. घोडी थांबली.

"चल की पुढं," मालक म्हणाले.

मी लगाम त्यांच्या हातात दिला. मी म्हणाले, "ती माझी आय हाय."

माइक चालू होता. सगळ्यांना ऐकू गेलं. हसणं थांबलं. तेवढंच. खुर्चीवरून कुणी उठलं नाही. माझ्याबरोबर लीद काढणाऱ्या बाया खाली मान घालून उभ्या होत्या.

टेबलावरची बाटली उचलून मी आयपुढं धरली. तिनं घेतली नाही. घाबरली होती. "ठेव गं. त्यांची हाय. तुझं काम जाईल."

काम गेलंच.

परतीच्या एसटीत घाट लागला तेव्हा ती म्हणाली, "तो काय म्हणला गं मला?"

खोटं सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. "जनावराची जात विचारतात, तसं विचारलं."

तिनं पदर तोंडाशी धरला. म्हणाली, "आन मी हसले."

तेव्हापासून आय नाशिकला आलेली नाही. घोड्यांचं विचारत नाही. मी बोलायला लागले की चुलीकडं जाते.

पुढं मालकांचा निरोप आला. माफी माग, परत घेतो. नवरा म्हणाला, "माग. दोन शब्द तर हायत." मी मालकांना फोन केला. मी म्हणाले, "आधी तुम्ही आमच्या पाड्यावर या. माझ्या आयची माफी मागा." त्यांनी फोन ठेवला.

आता मी द्राक्षाच्या बागेत कात्रीनं घड काढायला जाते. पाठ मोडते. जेवायच्या सुट्टीत बायांना हे सांगते. काहीजणी डोळे पुसतात. मी म्हणते, रडायचं नाय. इथं कुणाच्याही आयला असं हाकललं, तर सगळ्यांनी हातातली कात्री खाली ठेवायची. दुसरी कुणी ठेवो न ठेवो, माझी पहिली असेल.